चांदणी सरळ होती

कळमनुरीच्या आमच्या गल्लीत नाताळाला एकदाच आकाशातला तारा खाली उतरला, आणि तो शेजारच्या माधवकाकांच्या कडब्याच्या गंजीवर पडला.

तारा म्हणजे आमची चांदणी. बांबूच्या कामट्या, पतंगाचा लाल कागद, आत घासलेटची चिमणी. ती माझ्या थोरल्या भावानं, दानीएलदादानं केली होती. (माझं काम कागदाला खळ लावायचं आणि उरलेली खळ चाटायचं.) दिवेलागणीला दादानं शिडीवर चढून ती लिंबाच्या फांदीला टांगली, चिमणी लावली आणि गाणाऱ्या मंडळींना आणायला निघाला. जाताना मला म्हणाला, "याकोब्या, वातीला हात लावू नको बरं!"

तोवर वातीचा विचारही माझ्या डोक्यात नव्हता!

पलीकडच्या गल्लीतल्या चांदणीचा उजेड जास्त पडला होता. हा आमच्या घराण्याचा अपमान होता. मी शिडीवर चढलो, वात मोठी केली, खाली उतरलो आणि आत जाऊन करंजी खाऊ लागलो.

थोड्या वेळानं मंडळी गल्लीत वळली. पुढं गळ्यात पेटी अडकवलेले आमचे बाबा, मागं घोंगडी पांघरून मेंढपाळ झालेली पोरं. समोर आभाळ लालभडक! "बघा, बघा, कसा प्रकाश पडला!" बाबा ओरडले, आणि सगळ्यांनी आवाज चढवला. माधवकाका दरवर्षीसारखे अंगणाच्या फाटकात उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाठ शेकायला लागली तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं.

"अरे, गाणं काय म्हनून राहिले? गंजी पेटली माझी!"

मग मेंढपाळांनी घोंगडी मारमारून आग विझवायला घेतली. कुणीतरी घाईत पाण्याची घागर आगीऐवजी पेटीवर ओतली. त्यानंतर ती पेटी लग्नातही मयतीचेच सूर काढायची.

आग विझली. गंजी संपली.

"चांदनी कोनं केली?" बाबांनी विचारलं.

"म्या," दादा म्हणाला.

बाबांनी उरलेल्या बांबूनंच त्याला मारलं. माधवकाका मधे पडले, "मारू नका लेकराला. पन माझी बैलं काय खातील, सांगा." बाबा म्हणाले, "हा राबंल तुमच्या रानात, वर्सभर." मी दारात उभा होतो. तोंडात करंजी होती. ती मला गिळताही येईना आणि तोंड उघडताही येईना. पुढं वर्षानुवर्षं मला काही तोंड उघडता आलं नाही.

वर्षाची दोन वर्षं झाली. दादाची शाळा कायमची सुटली. गल्लीतल्या भिंतींवर कोळशानं बैल काढायचा तो, आणि चित्रकलेचा मास्तर झालो मी! तो कधी काही बोलला नाही. मला वाटायचं, त्यानं मला शिडीवर पाहिलं असणार, आणि धाकट्यासाठी गप्प राहिला असणार. हे मला फार सोयीचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात दादा वारला. पाऊस सरल्यावर आमचे पाळकसाहेब आले. "मास्तर, चर्चच्या भिंतीसाठी एक चित्र काढा. तुमच्या लहानपणच्या गल्लीतला नाताळ."

मी ठरवलं, जे तोंडानं जमलं नाही ते रंगानं सांगायचं. प्लायवूडचा मोठा तक्ता आणला. बाबा, पेटी, मेंढपाळ, माधवकाका, सगळे आले. पाळकसाहेब मधून मधून डोकवायचे.

"मास्तर, थोडा बर्फ टाका की. नाताळ वाटंल."

"साहेब, कळमनुरीत बर्फ रसवंतीवर मिळतो."

शेवटी मी शिडीवर स्वतःला काढलं. हात चांदणीत, बोटं वातीवर. दादा खाली, रिकाम्या हातानं उभा. माझी बायको रूथ चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून राहिली.

"अहो, ज्यानं चांदनी केली तो खाली, आन तुमी वर? मेलेल्या भावाचाबी मान खाता काहून?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. पाळकसाहेबही होते. त्यांचे डोळे भरून आले. "केवढं मोठं मन! भावाचा दोष स्वतःवर घेतला!" रविवारी त्यांनी हे उपदेशात सांगितलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दोघातिघांनी मला मिठी मारली. मी "अहो, खरंच मीच!" म्हणालो की लोक आणखी गहिवरायचे. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, आणि संत झालो!

नाताळाला आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून मार्थावहिनी आल्या. दादाची बायको. चित्रापुढं उभ्या राहिल्या.

"भावजी, वात तुमी वाढवली?"

"व्हय, वहिनी."

"खरंच?"

"खरंच."

त्या एकट्यांनीच विश्वास ठेवला. बाकावर बसल्या.

"ह्यांना ठावं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"पाहिलं असंल मला दादानं."

"न्हाई हो. ते म्हनायचे, माझीच कामटी वाकडी बसली. चांदनी कलली आन कागद दिव्याला लागला. आमच्या घरात कधी चांदनी लावू दिली न्हाई त्यांनी. लेकरं रडायची. म्हनायचे, माझ्या हाताला यश न्हाई. पुन्हा पेन्सिल धरली न्हाई."

वहिनी उठल्या आणि चित्राच्या अगदी जवळ गेल्या.

"मंग भावजी, वातीनं पेटली तर चांदनी सरळच असंल ना? तुमी वाकडी काहून काढली?"

मी पाहिलं. चांदणी डावीकडं कलली होती. सहज दिसेल इतकी कलली होती. कबुलीजबाब लिहायला बसलेल्या माझ्या हातानं दोष पुन्हा गुपचूप दादाकडं सरकवून दिला होता!

"सरळ करा," वहिनी म्हणाल्या आणि जेवायला निघून गेल्या.

तेव्हापासून रोज सकाळी ब्रश घेऊन चर्चमध्ये जातो. पट्टी लावून पाहिली, दोरा लावून पाहिला. रंगाचे थर चढून चांदणी आता तक्त्याच्या बाहेर आली आहे, पण सरळ काही येत नाही. शिडीवरचा पोरगा मात्र हुबेहूब आलाय, असं सगळे म्हणतात. त्याला पहिल्या दिवसापासून कुठं हात लावावा लागला नाही.