डब्यातली साखर

आईला जाऊन तीन दिवस झाले होते. पिठलं-भात आणून दिलेला आपला डबा परत न्यायला शेजारच्या मंदाकाकू आल्या. मी तो घासून ठेवला होता. देताना माझा हात आपोआप साखरेच्या बरणीकडे गेला. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही आईची शिकवण.

तीन दिवसांत मला ना रडू आलं, ना भूक लागली. कोण भेटून गेलं तेही आठवत नव्हतं. मन बधिर होऊन बसतं, पण वळण लागलेले हात आपलं काम करत राहतात.

"अगं, सुतकात काही घालत नाहीत. रिकामाच दे," काकू हळूच म्हणाल्या.

भरलेला चमचा मी परत बरणीत उपडा केला. आई गेल्याचं मला तेव्हा कळलं.