पंधरा दिवसांचा सुका कचरा

आमच्या कॉलनीत सुका कचरा नेणारी गाडी आधी रोज यायची. मग ती पंधरा दिवसांनी येऊ लागली आणि अमरावतीतल्या कुठल्याच प्रश्नावर कधी एकत्र न आलेली आमच्या गल्लीतली माणसं एक झाली. निदान आठवड्याला तरी गाडी पाठवा, असा अर्ज निघाला. आमच्या ह्यांनी सगळ्यांत आधी सही केली. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण हा माणूस सहजासहजी कशावर सही करत नाही.

कचरा मी मागच्या व्हरांड्यात गोणीत भरून ठेवायची. तोंडाला सुतळीची सरकगाठ. एक दिवस ती सुटेना. कोणीतरी दोनदा आवळून बांधली होती. माझा संशय सरळ शेजारच्या बाईंवर गेला. त्यांचा फुलांचा धंदा, दिवसभर हार बांधणार, गाठ पक्की बसणारच. शिवाय आमच्याकडे कुरिअरचे खोके किती येतात याची त्यांना भारी चौकशी.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाळत ठेवली. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी झोपले असं समजून, आमचे हेच आले. गोणी सोडली, कागदाच्या तीन पुड्या आत खोल खुपसल्या, दोनदा गाठ मारली आणि हात धुऊन पेपर वाचत बसले.

संध्याकाळी ते फिरायला गेल्यावर मी गोणी उपडी केली. अकरा पुड्या निघाल्या. प्रत्येकीत एक पांढरी गोळी. रक्तदाबाची, रोज सकाळी चहानंतर मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवते ती. गेल्या वर्षी याच रक्तदाबानं त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, तीन दिवस शब्द फुटत नव्हता. शेजारणीबद्दल मनात आणलं त्याची लाजही वाटली, पण थोडीच.

ते आले तशा पुड्या समोर मांडल्या.

"ओल्या कचऱ्यात टाकल्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी गेल्या असत्या. मले कळलंही नसतं," मी म्हटलं.

"ओल्याचं खत होते. त्यात औषध टाकाचं नसते."

बडनेऱ्याला रेल्वेत जन्मभर नियमानं नोकरी केलेला माणूस. ओला-सुका वेगळा करा, हे कॉलनीत घरोघर जाऊन यांनीच सांगितलं होतं. मला फसवणं त्यांना जमलं, कचऱ्याला फसवणं जमलं नाही.

"पण गोळी घेत कावून नाही तुमी?"

"घेतली का भोवळ येते. उठलो का डोळ्यांपुढं अंधार."

"मंग सांगाचं ना मले! डॉक्टर बदलून देतील."

"तुले सांगितलं का तू अकोल्याले फोन करशील. पोरगी गाडी घेऊन येईन. तुमचं काय चालू हाये, माहीत हाये मले."

"काय चालू हाये? उगीच संशय घेऊन राहिले!" मी चिडून म्हटलं.

"दिवाळीपासून तू गच्चीवर जाऊन तिच्याशी बोलून राहिली."

ते खरं होतं. लेकीनं अकोल्याला आमच्यासाठी खालची खोली रंगवून घेतली होती. रंग मीच फोनवर निवडला होता. इथलं घर विकायचं, हेही आम्ही दोघींनी ठरवलं होतं. फक्त ह्यांना सांगायचं राहिलं होतं.

शेजारीण अर्ज घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी सही केली नाही. गाडी रोज येत असती तर माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा आडवा झाला असता आणि मी गोळ्या देत राहिले असते. हे तिला कसं सांगणार? मला वेळ नाही म्हटलं.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता भोवळ येत नाही. रोज सकाळी ते माझ्यासमोर गोळी गिळतात, तोंड उघडून दाखवतात आणि मग विचारतात, "अकोल्याले नाही म्हणून सांगितलं का?"

सांगितलं, असं मी म्हणते. अजून सांगितलेलं नाही.