बोटभर पाणी

अंबडमध्ये राहून समुद्राची भरती-ओहोटी पाळणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू, अण्णा. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवता शिकवता त्यांचा जीव निवट्यावर जडला. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा बोटाएवढा मासा. डोळे थेट डोक्यावर, आणि ओहोटी लागली की हा पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून चक्क चालतो. अण्णांच्या भिंतीवर कोकणातल्या कुठल्याशा बंदराचं भरतीचं वेळापत्रक असे. लग्नाच्या पंगतीतही जिलबी हातात धरून ते घड्याळ बघत आणि कासावीस होत. "भरती चढून राह्यली, बिळात शिरला असंल," असं म्हणत, आणि शेजारचा पाहुणा साप समजून पाय वर घेई. बिळातल्या अंड्यांना हवा मिळावी म्हणून नर तोंडात हवा भरून घोट घोट आत नेतो, हे सांगताना अण्णांचाच श्वास अडके. खारफुटी तोडल्याची बातमी आली की दोन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

मग काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं विझू लागली. स्वतः जायचं तर एवढ्या पाण्याची भीती. तेवढ्यात मला कामानिमित्त अलिबागला जावं लागलं. अण्णांनी काचेची बरणी आणि घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"पाव्हणं, दिसतंय तवर एकदा जित्ता पाहू द्या."

चिठ्ठी मी न वाचताच खिशात घातली. खाडीवरच्या एका कोळ्यानं निवटा धरून दिला. मी बरणी काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं. टँकरच्या पाण्यावर वाढलेला माणूस मी, जास्त पाण्यानं मासा मरेल हे मला सुचणार कुठून? नगर यायच्या आत तो झाकणाला तोंड लावून निपचित झाला. मग चिठ्ठी उघडली. 'पाणी बोटभरच. त्याला हवा लागते.'

मासा मी पाण्यात बुडवून मारला होता. आणि घरी येऊन, मिळालाच नाही म्हणालो.

"बरं झालं, तिथंच बरा तो," अण्णा म्हणाले, आणि रिकामी बरणी पुसत बसले.

वर्षभर ती बरणी मला झोपू देईना. परवा जाऊन सगळं कबूल केलं. अण्णा वेळापत्रकाकडे तोंड करून बसले होते. ते आता त्यांना वाचता येत नाही.

"वर आल्ता का? झाकणापाशी?"

"आला होता."

"अन् डोळे?"

"डोक्यावर. तुम्ही सांगायचे तसेच."

"म्हंजे तुमी जवळून पाह्यला."

"बरणी मांडीवर होती, अण्णा."

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "मंग सांगा. जल्दी न्हाई. पैल्यापासून सांगा."

मी चिखलापासून सुरुवात केली.