गाडी मागून बसली नाही, म्हणून

आज चांदवडहून नाशिकला येताना मरता मरता वाचले.

भाच्याने नव्या गाडीला कांद्याच्या गोण्यांचा ट्रेलर जोडला होता. मी म्हटलं, "अरे, किती भरलंस हे!"

"मावशी, एवढ्या वजनानं गाडी मागून जराही खाली बसली नाही, बघ की."

मी वाकून पाहिलं, गाडी खरंच सपाट दिसत होती, आणि आत बसले.

उतारावर ट्रेलर असा झुलू लागला की गाडी शेजारच्या ट्रककडे ओढली गेली. हातभर अंतराने वाचलो.

पुढे गाडी थांबवून दाखवली, तर एका मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "दादा, हिच्या मागं हवेचे स्प्रिंग हायती, कितीबी भरा, ही गाडी मागून आपोआप वर येती. वजन थोडंच कमी होतं?"

भाचा पुटपुटला, "निम्म्या गोण्या उतरवतो."

"आणि मलाही," मी म्हटलं, आणि एसटीने घरी आले.

कांदा विकताना काट्यावर किलोकिलोसाठी भांडणारे आपण, गाडीत बसताना मात्र नुसत्या नजरेवर भरवसा ठेवतो. तुम्हीही?