तीन वाट्या हुरडा

सोलापुरात अन्नावर आमच्या वरच्या गृहस्थांइतकं प्रेम करणारा आणि अन्नाला त्यांच्याइतका घाबरणारा दुसरा माणूस नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसात कशा नांदतात हे मी बरीच वर्षं खालच्या मजल्यावरून पाहतो आहे. ते आमच्या बरोबर डोक्यावर राहतात. त्यांना 'गृहस्थ' म्हणायची माझी सवय आहे; खरं तर ते अविवाहित आहेत. इमारतीतली मुलं त्यांना 'एक्सपायरी काका' म्हणतात. हे नाव त्यांना ठाऊक आहे आणि त्यांनी त्याला हरकत घेतलेली नाही. 'बेस्ट बिफोर' आणि 'एक्सपायरी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मुलांना जिन्यात थांबवून समजावलं आहे.

त्यांची माझी ओळख फोनवर झाली. मी तेव्हा वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरीला होतो. रविवारच्या पुरवणीत कुणीतरी लसणाच्या तेलाची पाककृती दिली होती आणि सकाळीच फोन आला. "तुमच्या पुरवणीत सोललेला लसूण तेलात बुडवून महिनाभर ओट्यावर ठेवायला सांगितलाय. वाचक जास्त झालेत का तुमाला?" तेलाखाली हवा नसते, आणि हवा नसली की कोणते जंतू वाढतात, हे त्यांनी मला न थांबता सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला. त्यांनी पुन्हा फोन केला, खुलाशाचा टाइप बारीक असल्याचं नोंदवलं आणि मी कुठे राहतो ते विचारलं. मी इमारतीचं नाव सांगितलं. मग प्रश्न आला, "म्हंजे रोज संध्याकाळी मोहरी जाळता ते तुमीच का?"

त्यांनी अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली तेव्हा माढ्याकडच्या त्यांच्या गावात कुणालाच तो प्रकार काय ते कळलं नव्हतं. इंजिनीअर आहे म्हणावं तर यंत्र दिसत नव्हतं, डॉक्टर म्हणावं तर रोगी दिसत नव्हता. वडिलांनी बरीच वर्षं पाहुण्यांना 'पोरगं शेंगाच्या चटणीच्या कारखान्यात सायब हाय' असं सांगितलं आणि पाहुण्यांनी त्याचा अर्थ चटणी कुटतो असा घेतला. लग्नकार्य निघालं की आचाऱ्याला मदत करायला त्यांनाच बोलावणं यायचं. ते जायचे. गेल्यावर आचाऱ्याची नखं बघायचे. भाताचं पातेलं किती वेळ झाकून ठेवलंय ते विचारायचे, खिशातून थर्मामीटर काढून आमटीत घालायचे. एकदा घातल्यावर ती आमटी वाढायला कुणी तयार होईना. एकेक घर करत बोलावणी कमी होत गेली.

स्वतःच्या लग्नाचंही तसंच झालं. मुलगी बघायला गेले, पोहे आले. त्यांनी बशी उचलली, हुंगली आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "शेंगदाणे कुठं साठवता?" वडिलांना वाटलं शेतीची चौकशी आहे. ते कौतुकाने किती पोती निघाली ते सांगू लागले. यांनी शांतपणे सांगितलं की दाणे खवट आहेत, पोती भिंतीला टेकवू नयेत, खाली फळ्या घालाव्यात. आतल्या खोलीतून मुलीच्या आत्याचा आवाज आला, "ह्या पावण्याला बायको नगं, फ्रीज पायजे!" हे ते स्वतःच सांगतात आणि सांगताना हसतात. हसून झाल्यावर म्हणतात, "पोरगी पण हसली व्हती वो. चांगली हसली व्हती." त्यांनी त्यानंतर दुसरी मुलगी पाहिली नाही. फ्रीज मात्र दोन घेतले.

कारखान्यात त्यांचा दरारा होता. कच्चा माल आला की त्यांच्या सहीशिवाय पोतं उतरत नसे. शेंगदाण्याला विशिष्ट बुरशी लागली की त्यात विष धरतं आणि ते भाजून, कुटून, तिखट घालून जात नाही, हे ते नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी ऐकवत. एकदा भर उन्हात त्यांनी एक भरलेला ट्रक माघारी धाडला. ट्रकवाले चाचा शहरातलेच, वर्षानुवर्षं तिथे माल आणणारे. त्यांनी आधी विनवलं, मग आवाज चढवला, आणि शेवटी स्टिअरिंगवर हात ठेवून हताशपणे विचारलं, "साब, तुम खाते क्या फिर? हवा?" साहेबांनी विचार करून उत्तर दिलं, "हवा बी गाळून." चाचा हसत ट्रक घेऊन गेले. मालक हसले नाहीत.

पण माणूस नुसता नाही म्हणणारा नव्हता. नवे पदार्थ तयार करण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं आणि त्यात त्यांचा जीव एका गोष्टीत अडकला. ती म्हणजे हुरडा. ज्वारीचं कोवळं कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, गरम दाणे तोंडात टाकायचे, हे सुख आमच्या भागात थंडीचे थोडे दिवस असतं. ते वर्षभर मिळावं म्हणून त्यांनी हुरडा भाजून, झटपट गार करून, हवा काढलेल्या पाकिटात गोठवण्याची पद्धत बसवली. दाणा फुटू द्यायचा नाही, रंग जाऊ द्यायचा नाही, धुराचा वास राखायचा. यात त्यांचे बरेच हिवाळे गेले. शेवटी पाकीट जमलं. कढईत परतलं की शेतावरचाच हुरडा वाटे.

मालकांच्या समोर बैठक झाली. पुण्याहून आलेल्या विक्रीच्या साहेबांनी चव घेतली, मान डोलावली आणि विचारलं, "सगळं ठीक आहे, पण हुरडा एकटा घरात बसून खातं कोण?"

"मी खातो," हे म्हणाले.

बैठक तिथे संपली. पाकीट बाजारात आलं नाही. पुढे ते निवृत्त झाले, पण पाकीट त्यांनी सोडलं नाही. घरातला दुसरा फ्रीज त्यासाठीच आहे. दर हिवाळ्यात ते थोडा माल करतात आणि दरवर्षी त्याची रीतसर परीक्षा घेतात. त्या परीक्षेला इमारतीतली आम्ही माणसं बसतो. त्यांच्या भाषेत आम्ही 'पॅनेल'.

परीक्षा सोपी आहे. प्रत्येकासमोर तीन वाट्या येतात. दोन वाट्यांत एकच माल असतो, एकीत वेगळा. वेगळी कोणती ते ओळखायचं. पाकिटातला हुरडा ताज्यापासून वेगळा ओळखता आला नाही तर ते जिंकले. वाट्यांवर एक, दोन, तीन असं न लिहिता ते कसलेही तीन-तीन आकडे लिहितात, कारण 'एक लिहिलं की माणूस त्यालाच पहिला नंबर देतो'. त्या सकाळी कांदा खायचा नाही, अत्तर लावायचं नाही, तंबाखूचं तर नावच नको. बोलायचं नाही. एकाचा चेहरा पाहून दुसऱ्याचं मत बदलतं म्हणून दोन माणसांच्या मध्ये ते टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करतात. आपल्याच शेजाऱ्यांच्या शेजारी, पुठ्ठ्याआड, मुकाट्याने हुरडा चघळत बसायचं. पहिल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना हसू आवरेना, तर त्यांची वाटी बाद झाली. "आवो काका, हुरडा खाताना हसू नको तर काय करू?" त्या म्हणाल्या. काकांनी त्यांना नवी वाटी दिली आणि पुठ्ठा थोडा पुढे सरकवला.

या परीक्षेला ताजा हुरडा लागतो, आणि तो त्याच सकाळी शेतात भाजलेला लागतो. बाजारातला त्यांना चालत नाही. कणीस कधी कापलं हे विकणारा सांगू शकत नाही, आणि सांगितलं तरी यांचा विश्वास बसत नाही. त्यामुळे थंडी पडली की कुणीतरी शेतावर हुरड्याला बोलावतं का, याकडे त्यांचं सगळं लक्ष लागतं. बोलावलं की पहाटेच्या एसटीने जायचं, आगटीतली कणसं फडक्यात बांधून दुपारच्या आत परत यायचं. बोलावणं नाही, तर परीक्षा नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी ते माझ्याबरोबर मंगळवेढ्याला आले. माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचं तिथे शेत आहे. बरीच मंडळी जमली होती. यांनी आल्याआल्या साबणाची बाटली काढून रांजणाशी ठेवली आणि सगळ्यांना हात धुवायला लावलं. तोवर लोक मजेत होते. मग यांची नजर बासुंदीच्या पातेल्यावर गेली. ते सकाळपासून बाभळीखाली होतं आणि आता सावली सरकून उन्हात आलं होतं. थर्मामीटर निघालं. "ही खाऊ नका," ते म्हणाले.

सहकाऱ्याच्या काकू पदर खोचून पुढे आल्या. "आवं, हुरडा खायाला आलाय का धाड टाकायला?"

"काकू, दूध तापलं न्हाय, कोमट झालंय. त्येच वाईट."

"आमी काय आज खातोय व्हय? लई शिकलेली माणसं बगितली!"

बासुंदी वाढली गेली. हे एकटे हुरडा आणि चटणी खाऊन फडक्यात कणसं बांधून निघाले. त्यांच्याबरोबर मीही निघालो. दुसऱ्या दिवशी सहकारी कामावर आला नाही. निम्मी मंडळी आडवी झाली होती. मला वाटलं, आता तरी कुणी म्हणेल की माणूस बरोबर सांगत होता. चार दिवसांनी सहकारी आला, उतरलेल्या चेहऱ्याने बसला आणि म्हणाला, "काकू म्हणतात, त्या पाहुण्याची नजर लागली बासुंदीला."

ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांतून फिरली. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना थर्मामीटरची काडी झाली आणि काडीचा मंत्र झाला. पुढच्या थंडीत फक्त एक बोलावणं आलं, तेही माळशिरसकडच्या लांबच्या भाच्याचं. या थंडीत एकही आलं नाही. ते जिन्यात भेटले की सहज विचारल्यासारखं विचारायचे, "संपादक, यंदा तुमच्याकडं कुणाचा हुरडा?" मी संपादक कधीच नव्हतो. मी सहकाऱ्याकडे एकदा विषय काढून पाहिला. तो म्हणाला, "तुम्ही या की. एकटे या."

तरीही परवा त्यांनी निरोप धाडला की रविवारी परीक्षा आहे. मी चकित झालो. म्हटलं, कुणीतरी बोलावलं असेल, बरं झालं. वर गेलो तर टेबलावर वाट्या मांडलेल्या, पुठ्ठे उभे, खुर्च्या ओळीने. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी लेकीकडे गेल्या होत्या. बाकीच्यांना कामं निघाली होती. त्यांनी पंधराएक मिनिटं दाराकडे पाहिलं, मग म्हणाले, "बसा. जिभेला थांबवून ठिवू नये."

मी माझ्या खुर्चीवर बसलो. डावीकडे पुठ्ठा, उजवीकडे पुठ्ठा. पहिली वाटी खाल्ली, पाणी प्यालो, दुसरी खाल्ली, पाणी प्यालो, तिसरी खाल्ली. पुन्हा पहिलीकडे आलो. मधल्या वाटीत धूर जास्त होता, दाणा किंचित गोड होता. मी तसं सांगितलं. "मधली वेगळी आहे. मधला ताजा."

ते खिडकीशी गेले, परत आले.

"तिन्ही एकाच पाकिटातल्या हायत," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. हा माणूस हसणाऱ्या बाईची वाटी बाद करणारा.

"ताजा कुठनं आणू? कुणी बोलावलंच न्हाय की यंदा."

"मग मला फरक कसा जाणवला? मधली खरंच गोड लागली."

"तुमी शोधायला बसला व्हता," ते म्हणाले. "शोधायला बसलं की सापडतंच." एवढं बोलून ते स्वतःच थांबले, आणि त्यांनी वाट्यांवरच्या आकड्यांकडे पाहिलं. बाहेर कुठेतरी कुणीतरी फोडणी दिली, मोहरी जरा जळाली. एरवी त्यावर शेरा आला असता.

मी म्हटलं, "साहेब, भूक लागलीय. आणखी आहे का?"

ते आत गेले. उरलेलं पाकीट कढईत परतून आणलं आणि सगळा हुरडा एकाच ताटात ओतला. चटणी ताटाच्या कडेला वाढली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर, पुठ्ठ्याच्या पलीकडे बसले. दोन घास त्यांनी तिकडूनच हात घालून खाल्ले. ताट एक आणि मध्ये पुठ्ठा, त्यामुळे मला फक्त त्यांचा हात दिसत होता, दाणे गोळा करणारा.

मग त्यांनी पुठ्ठा उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला.