हँडलवरचा हात
लोखंड कापताना सोडतात त्या कूलंटचा वास आला की मी काम शिकलो तो लालबागचा गाळा आठवतो. जुन्या मिलिंग मशीनला शेठनी कॉम्प्युटर बसवला, पण हाताने फिरवायची हँडलं तशीच ठेवली होती. ब्याऐंशीच्या संपात गिरणीतली नोकरी गेलेले आमचे मिस्त्री कॉम्प्युटर चालू असतानाही हँडलवर तळवा टेकून उभे राहायचे. लोखंड कसं कापतंय ते हाताला कळतं, म्हणायचे. एकदा कॉम्प्युटरच्या चालीबरोबर हँडल आपोआप गर्रकन फिरलं आणि त्याची मूठ त्यांच्या मनगटावर बसली. "मिस्त्री, आता हात लावायचं काम नाही," शेठ म्हणाले. मनगटाला रुमाल गुंडाळत मिस्त्री हळू आवाजात बोलले, "संपात मशीनवरचा हात आम्ही आपणहून काढला होता, शेठ." दुसऱ्या दिवशी शेठनी हँडलं काढून टाकली. आता मीही बटण दाबून नुसता उभा असतो. हात कुठे ठेवायचे ते अजून कळत नाही.