घर नसल्याचा दाखला

राहायला घर नाही हे सिद्ध करण्यासाठी ज्याच्या घरच्यांनी जिवाचं रान केलं, असा सबंध खानदेशातला एकमेव माणूस म्हणजे माझा आतेभाऊ. सावद्याला माझ्या आत्याची केळीची बाग, थोडी कपाशी आणि गावात चांगलं दुमजली घर. तिचा हा थोरला मुलगा मात्र ब्रह्मदेशात एका परदेशी कंपनीची मालवाहू विमानं चालवी. सगळे त्याला भाऊ म्हणत. दर हिवाळ्यात तो दोनेक महिन्यांच्या सुटीवर येई, पण येई तो नुसता अंगाने. बैलगाडीत चढण्याआधी तो गाडीभोवती एक पूर्ण फेरा घाली, चाकं आणि जू हाताने चाचपून पाही आणि मोठ्याने म्हणे, “डावा बैल, ठीक. उजवा बैल, ठीक.” गाडीवान इतका सरावला होता की तोही “ठीक हाये, भाऊ” म्हटल्याशिवाय कासरा हलवत नसे. रावेरला कसं जायचं असं एका परगावच्या माणसाने विचारलं, तर भाऊने त्याला सातपुडा डाव्या पंखाखाली ठेवायला सांगितलं. तो बिचारा आपल्या डाव्या काखेकडे पाहत पाहत निघून गेला.

दुपारी तो केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात पाय सोडून उताणा पडलेला असे. मी गावच्या शाळेत मास्तर, शाळा सुटली की तिथेच जाई. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड त्याच्या तोंडावर हलत राही आणि तो अर्ध्या झोपेत बोलत राही. एकदा मी विचारलं, “भाऊ, वरून आपली गावं कशी दिसतात रे?” त्याने पाटातलं पाणी पायाने ढवळलं. मग म्हणाला, “वरून बांध दिसतात, मास्तर. बांधावरची भांडणं नाही दिसत.” मला ते फार आवडलं होतं. आमच्या बांधाचा दावा तेव्हा कोर्टात चालू होता.

अशा माणसाला कायद्याने गाठलं. जळगावच्या वकिलांनी त्याला समजावलं की, परदेशातल्या पगारावर इथे कर नको असेल, तर त्याच्यासाठी इथे राखून ठेवलेलं घर असता कामा नये. असलं, तर एका दिवसाच्या मुक्कामानेसुद्धा तो इथला रहिवासी ठरतो. आता आत्याने तर माडीवरची खोली त्याच्यासाठीच ठेवलेली. गादी घातलेली खाट, मच्छरदाणी, आरसा. तो नसला तरी रोज झाडायची. वकील म्हणाले, हीच ती, कायद्याला नको असलेली खोली. झालं, खाट खाली आली आणि खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला गेला. भाऊ झोपायला आज या शेजाऱ्याकडे, उद्या त्या. जेवायला मात्र घरीच, कारण जेवणाबद्दल कायदा काही बोलत नाही, हे वकिलांनी दोनदा पुस्तक उघडून पाहिलं होतं. दुपारी कधी तो गुपचूप माडीवर जाऊन त्या कापसावर पडून राही. ढगांच्या वर गेलं की खाली असंच पांढरं असतं म्हणे.

पण ब्रह्मदेशाचं नेमकं उलट. तिथला कामाचा परवाना दरसाल नवा करावा लागे, आणि हा माणूस इथेच ठाण मांडून बसणार नाही, याला स्वतःच्या देशात घर आहे, असा दाखला तिथले अधिकारी मागत. म्हणून दरवर्षी मी एकाच टाकाने दोन कागद लिही. एकात भाऊला सावद्यास घर आहे, दुसऱ्यात नाही. पाटील दोन्हींवर सही करत, पण त्यांनी मला एकदा बजावलं होतं, “मास्तर, एक सकाळी आनत जा, एक दुपारी. मधात मानसाचं काहीबी होऊ शकते.”

एका वर्षी गडबडीत मी दोन्ही कागद एकाच पाकिटात घातले, आणि ते पाकीट जळगावच्या प्राप्तिकर कचेरीत साहेबांच्या हाती पडलं. या कचेरीच्या सहीशिवाय भाऊला देश सोडता येत नव्हता, परवाना संपायला आठ दिवस उरले होते, आणि तो संपला असता तर कंपनीने दुसरा वैमानिक बसवला असता. आकाश कायमचं बंद. साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी भाऊला आणि मला बोलावून घेतलं, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, “यातला खरा कोणता?”

भाऊ खिडकीबाहेर घिरट्या घालणाऱ्या घारीकडे पाहत होता. “दोन्ही, साहेब,” तो म्हणाला.

“दोन्ही चालत नाहीत,” साहेब म्हणाले.

आत्या त्याला निरोप द्यायला आली होती. ती बाहेर बाकावर शिदोरी घेऊन बसलेली. साहेबांनी तिला आत बोलावलं. आत्या जन्मात खोटं बोललेली नव्हती. केळीचे सौदे तिच्या नुसत्या शब्दावर होत.

“बाई, तुमच्या घरी यांच्यासाठी खोली राखलेली आहे?”

आत्याने भाऊकडे एकदा पाहिलं. “नही, साहेब. त्या खोलीत कापूस भरेल हाये. हा माह्या घरी पाहुना येते. येते, जेवते, जाते.”

“मग घर असल्याचा हा दुसरा दाखला?”

“तो परक्या मुलखात दाखवाले. ह्याचं कोनीच नही, असं तिथल्या लोकाईले वाटू नये, म्हनून.”

साहेबांनी घर असल्याचा दाखला पुन्हा एकदा वाचला. मग तो कागद त्यांनी माझ्याकडे परत सरकवला आणि सही केली.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ आला, तेव्हा आत्याने त्याला पाय धुवायला गरम पाणी दिलं, नवा पंचा दिला, ताटाभोवती रांगोळी काढली आणि प्रवास बरा झाला का, असं विचारलं. पूर्वी ती त्याला उठता-बसता बोलायची. वाळलास किती, लग्न कधी करणार, ही काय जेवायची वेळ आहे? आता एक शब्द नाही. भाऊने मुद्दाम अर्धी भाकरी टाकली. “ऱ्हाऊ दे, हरकत नही,” आत्या म्हणाली. तो मुद्दाम दुपार टळल्यावर जेवायला आला, तर तिने हसून ताट वाढलं. भाऊ कावराबावरा झाला. मी आत्याला म्हटलं, “अगं, एकदा तरी रागव त्याच्यावर!”

“सायबाले पाहुना सांगेल हाये न मी,” ती म्हणाली. “पाहुन्याले कोनी रागावते का? मी खोटी पडली, त त्याचं विमान अडते.”

जायच्या आदल्या दिवशी आम्ही बागेत बसलो होतो. वारा पडला होता आणि केळीचं पानही हलत नव्हतं. भाऊ किती तरी वेळ वर पाहत होता. मग त्याने विचारलं, “मास्तर, मी विमान सोडून कायमचा घरी आलो, तर रागावेल का रे ती मला?”

“भरपूर,” मी म्हणालो. “पार गल्लीत ऐकू जाईल.”

तो डोळे मिटून हसला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो ब्रह्मदेशाला गेला.